संगणकाची मदत

मुलांनो, डाळीत प्रथिने असतात, हे तुम्हांला माहीत आहे. आपल्या शरीरातही हजारो प्रकारची प्रथिने असतात. प्रत्येकाचा आकार निराळा! कुलपात किल्ली बसते, तशी अनेक औषधे प्रथिनांत बसतात. म्हणून औषध शोधताना हा आकार कळला, तर काम सोपे होते. पूर्वी एक आकार शोधायला कधी कधी कित्येक वर्षे लागत. २०२० साली लंडनच्या डीपमाइंड कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने हे काम फार लवकर करून दाखवले. आता औषध कंपन्याही अशी मदत घेतात.

पण संगणकाचा अंदाज चुकूही शकतो. तो माणसे प्रयोगशाळेत तपासून पाहतात. कोणत्या रोगावर औषध शोधायचे, हेही माणसेच ठरवतात.

तुम्ही कोणत्या रोगावर औषध शोधाल?