पाककलेचे निदेशक : अध्यापन-सराव आणि आत्मविश्वास

बंगळुरूच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. तेथील हजारो लहान कारखान्यांना कुशल कामगार लागतात. परंतु त्या कामगारांना शिकविणारे कोठून येतात, याचा विचार क्वचितच होतो. याच तुमकूर रस्त्यावर १९७१ मध्ये केंद्र सरकारची फोरमन प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आज ती राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. उत्तम कारागीर आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, हे शिल्पनिदेशक प्रशिक्षणामागील मूळ सूत्र होय.

यंत्रशाळेचे हे सूत्र पाकशाळेलाही लागू पडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘फूड प्रॉडक्शन (जनरल)’ हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. अनुभवी आचारी फोडणी अंदाजाने करतो. निदेशकाला मात्र तोच अंदाज उलगडून सांगावा लागतो : तेल किती तापावे, मोहरी केव्हा तडतडावी, आच केव्हा कमी करावी. समोर विस्तव, हाती सुरी आणि भोवती वीस-पंचवीस प्रशिक्षणार्थी असताना नवख्या निदेशकाचा धीर सुटतो. पाककौशल्य पुरेसे असूनही वाणी अडखळते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत मांडले : स्वतः मिळविलेले यश, इतरांच्या यशाचे निरीक्षण, विश्वासार्ह व्यक्तीचे प्रोत्साहन आणि शारीरिक-भावनिक अवस्था. यांपैकी पहिला सर्वांत प्रभावी होय. म्हणजेच आत्मविश्वास उपदेशाने येत नाही. तो यशस्वी सरावातून येतो.

त्यासाठी सराव पायरीपायरीने हवा. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या सूक्ष्म-अध्यापनात छोटा गट, अल्प वेळ आणि एकच कौशल्य असते. कांदा चिरण्याचा दहा मिनिटांचा पाठ, त्यावर निरीक्षकाचा अभिप्राय आणि सुधारून पुन्हा तोच पाठ, असा क्रम पाकशाळेत सहज राबविता येतो. त्यानंतर पूर्ण तुकडीसमोर पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन व परीक्षण या चार टप्प्यांचा पाठ घ्यावा.

या प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. वर्षाला वीस प्रशिक्षणार्थी धरले, तर पंचवीस वर्षांच्या सेवेत एक निदेशक पाचशे जणांना शिकवितो. त्याचा संकोच पाचशे जणांच्या कौशल्यात उणीव ठेवतो, तर त्याचा आत्मविश्वास तितक्याच जणांच्या उपजीविकेला बळ देतो. म्हणून अध्यापन-सरावाचे तास हा खर्च नसून मानवी भांडवलातील गुंतवणूक आहे, हे अभ्यासकांनी ध्यानी घ्यावे.