उताऱ्याचा शेकडा

दौंड तालुक्यातील केडगावी ऊस कारखान्यास घालून झाल्यावर हिशेबाची वही पुढे घेऊन बसलेली सूनबाई आणि शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालेले तिचे मामंजी यांच्यातील हे संभाषण.

सूनबाई : मामंजी, साखरेचा उतारा 10.25 टक्क्यांवरून 11.05 वर गेला, म्हणजे वाढ पुरती एक टक्काही नाही. मग उसाच्या दरात टनामागे पावणेतीनशे रुपयांहून अधिक फरक कसा पडतो?

मामंजी : शंका रास्त आहे. शेकड्याचा आकडा कानी पडला की तो कोणत्या शंभरापैकी आहे, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. उतारा हा उसाच्या वजनावरचा शेकडा. टनभर उसातून पूर्वी साडेएकशेदोन किलो साखर निघत होती, आता साडेएकशेदहा निघते. ही वाढीव आठ किलो साखर उसाच्या वजनाशी ताडून पाहिली तर शंभरास आठ दशांशच भरते. परंतु आठास 102.5 ने भागून शंभराने गुणलेस, म्हणजेच आधीच्या साखरेशी तिची तुलना केलीस, तर वाढ 7.8 टक्के येते.

सूनबाई : आणि दर?

मामंजी : 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलमागे 355 रुपये हा रास्त व किफायतशीर दर मुक्रर केला आणि त्यापुढील प्रत्येक दशांश टक्क्यास 3.46 रुपये वाढ ठेवली. ही 3.46 ची रक्कम कोणाच्या मर्जीने आलेली नाही. 355 ला 102.5 ने भाग, तीच मिळेल. तुझ्या उदाहरणात असे आठ दशांश, म्हणून वाढ 27.68 रुपये, टनाचा दर 3,550 वरून 3,826.80 झाला, आणि ही वाढही 7.8 टक्केच.

सूनबाई : उतारा घसरला तर?

मामंजी : साडेनऊपर्यंत त्याच प्रमाणात घट, त्याखाली मात्र 329.05 रुपयांची हमी कायम. एक गोष्ट मला मनापासून खटकते : हा उतारा आपल्या शेताचा नव्हे, कारखान्याच्या एकंदर गाळपाचा सरासरी असतो, आणि त्यामुळे निगुतीने ऊस जोपासणाऱ्याच्या श्रमाचे मोल त्यात निराळे दिसत नाही.

सूनबाई : पण तोडणी-वाहतूक वजा होऊनच रक्कम खात्यावर जमा होते ना?

मामंजी : होते, आणि ती वजावट साखरेच्या शेकड्यावर नव्हे, टनावर बसते. समज, टनास 900 रुपये कापले. मग पूर्वी हाती 2,650 येत होते, आता 2,926.80 येतील. वाढ तीच 276.80 रुपयांची, पण 2,650 च्या मानाने ती 10.4 टक्के ठरते. उसावर आठ दशांश, साखरेवर 7.8, हाती येणाऱ्या रकमेवर 10.4 : तिन्ही आकडे खरे, फक्त प्रत्येकाचा पाया वेगळा. सभेत बोलणारा आपल्या सोयीचा पाया निवडतो. ऐकणाऱ्याने तो विचारून घेतला पाहिजे.

सूनबाई : आता ध्यानात आले. येथल्या बाजारात कांदा 20 टक्क्यांनी उतरून पुन्हा 20 टक्क्यांनी चढला, तरी मूळ भाव का येत नाही, याचेही उत्तर हेच का?

मामंजी : हेच. 2,000 चे 1,600 झाले. चढताना वीस टक्के 1,600 वर मोजले गेले, म्हणून 1,920 वरच थांबले.

सूनबाई : खतासाठी 50,000 रुपये तीन महिन्यांच्या बोलीने घ्यायचे म्हटले, तर एक जण शेकडा दोन सांगतो. बँकेपेक्षा ते फारच स्वस्त वाटते.

मामंजी : थांब. तो दरमहा शेकडा सांगतो, बँक दरसाल दरशेकडा. महिन्यास दोन म्हणजे वर्षास चोवीस. तुझ्या रकमेवर दरमहा हजार, तीन महिन्यांचे तीन हजार रुपये व्याज. रुजवात करायची तर दोन्ही दर आधी वर्षाच्या हिशेबात आण, आणि पैसे घेण्याआधी चिठ्ठीवर ‘दरमहा’ की ‘दरसाल’ हे त्याच्याकडून लिहवून घे.