स्विमिंग पूल सोलरवर गरम करायचाय? आधी कव्हर विका, मग पॅनल



व्हिडिओत आपण पॅनल, पाइप, व्हॉल्व्ह सगळं डोळ्यांनी पाहिलं. या लेखात फक्त हिशेब करायचाय. वही-पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर घेऊन बसा. गणित सातवी-आठवीच्या पुढचं नाही.

लोणावळा, कर्जत, इगतपुरी, पाचगणी या भागात भाड्याने दिल्या जाणाऱ्या अनेक बंगल्यांना आज स्विमिंग पूल आहे. पण डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन सुट्ट्यांच्या दिवसांत, पाणी इतकं गार असतं की पाहुणे पाय बुडवतात आणि परत फिरतात. मग मालक विचारतो, "सोलरवर गरम होईल का हो?" तुम्हाला प्लंबिंगची माहिती असेल, दोन कारागीर हाताशी असतील, तर हे काम तुमच्या आवाक्यातलं आहे.

पण यात एक मोठा खड्डा आहे. मालकाने भरपूर पैसे घातले आणि पाणी गारच राहिलं, तर तो शेवटचा हप्ता अडकवून ठेवतो. आणि आपल्यासारख्या लहान माणसाचा नफा नेमका त्या शेवटच्या हप्त्यातच असतो! त्यामुळे कोटेशन देण्याआधी पाणी का गार होतं ते समजून घ्या.

पायरी १ : एक अंश वाढवायला किती उष्णता लागते?

एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. एवढं पाठ करून टाका.

आता एक नेहमीचा बंगल्यातला पूल घेऊ. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर.

१० × ५ × १.२ = ६० घनमीटर, म्हणजे ६०,००० लिटर पाणी.
६०,००० ÷ ८६० = साधारण ७० युनिट.

म्हणजे हा पूल फक्त एक अंशाने गरम करायला ७० युनिट उष्णता लागते. पाणी २१ अंशांवर असेल आणि मालकाला २७ हवं असेल, तर ६ × ७० = ४२० युनिट. तेही एकदाच, आणि मधे काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरून.

२७ का? वर्ल्ड अॅक्वाटिक्सच्या नियमात स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश असावं असं आहे. मोठ्या माणसांना पोहायला तेवढं पुरतं. अगदी लहान मुलांना याहून कोमट पाणी लागतं. त्यामुळे "पूल कोण वापरणार?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा.

पायरी २ : उष्णता जाते कुठे?

बहुतेक जण म्हणतात, जमीन गार आहे म्हणून पाणी गार होतं. खरं कारण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. माठातलं पाणी गार का होतं? पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. उघडा पूल म्हणजे एक भला मोठा माठच! जमिनीतून जाणारी उष्णता त्यामानाने थोडी. सगळ्यात मोठी गळती वरून होते, वाफेतून. थंडीतली कोरडी हवा आणि घाटावरचा वारा मिळाला की ती आणखी वाढते.

एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. आपल्या पूलचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर. पाण्याची पातळी १ मिलिमीटरने उतरली तर ५० लिटर पाणी उडालं.

५० × ५८० ÷ ८६० = साधारण ३४ युनिट. म्हणजे जवळजवळ अर्धा अंश!

हे सूत्र लिहून ठेवा : सरासरी खोली १.२ मीटर असेल तर पातळी उतरण्याचा प्रत्येक मिलिमीटर म्हणजे अर्धा अंश गेला. पूल लहान असो की मोठा, खोली तीच असेल तर हिशेब तोच राहतो.

२४ तासांत पातळी ५ मिलिमीटर उतरली तर जवळजवळ अडीच अंशांची उष्णता वाफेतून गेली. दिवसा पूलवर थेट पडणारं ऊन त्यातली काही भरून काढतं. रात्री मात्र नुसता खर्च, जमा काहीच नाही.

पायरी ३ : पॅनल किती देतं?

पूलसाठी काचेच्या नळ्यांचा घरगुती सोलर हीटर वापरायचा नसतो. तो आंघोळीच्या पाण्यासाठी, ६० अंशांपर्यंत तापवायला बनवलेला असतो. आपल्याला हवेत २७. शिवाय पूलच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणून पूलसाठी बिनकाचेचं, काळ्या प्लॅस्टिकचं किंवा रबराचं पॅनल मिळतं. त्यात बारीक नळ्या शेजारीशेजारी असतात आणि पूलचं पाणी थेट त्यातून फिरतं. वजनाला हलकं, आणि कमी तापमानावर काम चोख.

आपल्याकडे हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर साधारण ५ युनिट ऊन पडतं. त्यातली ३ युनिट पाण्यात उतरली असं धरा. जागा फार वाऱ्याची असेल तर २ धरा. कोटेशन करताना कमी आकडा घेणारा माणूस रात्री शांत झोपतो.

४० चौरस मीटर पॅनल लावलं तर :
४० × ३ = १२० युनिट रोज.
१२० ÷ ७० = साधारण १.७ अंश रोज.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. पॅनल देणार १.७ अंश. उघड्या पूलमधून वाफेवाटे जाणार जवळजवळ अडीच अंश. म्हणजे मालकाने गच्चीभर पॅनल लावलं तरी आपण फुटक्या माठात पाणी ओततोय. आधी माठ लिंपायला नको का?

पायरी ४ : म्हणून आधी कव्हर

पाण्यावर तरंगणारं बुडबुड्यांचं कव्हर संध्याकाळी टाकलं की रात्रीची वाफ जवळजवळ थांबते. पारदर्शक कव्हर असेल तर पूल वापरात नसताना दिवसाही राहू द्या, ऊन आत जातं. पाणी कमी उडतं, म्हणून भरही कमी घालावी लागते, क्लोरीनही वाचतं.

तुम्ही म्हणाल, कव्हर विकून मला काय मिळणार? पॅनलच्या मानाने कमीच मिळेल. पण कव्हर, गुंडाळायचा रोलर आणि बसवणी असं छोटं काम आधी घ्या. मालकाला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाण्याचं तापमान वहीत लिहायला सांगा. फरक त्याच्या स्वतःच्या अक्षरात दिसला की पॅनलचं काम तो तुम्हालाच देणार. काही ठिकाणी, विशेषतः अलिबागसारख्या किनाऱ्यावर जिथे थंडी सौम्य असते, नुसत्या कव्हरवरही भागू शकतं. तिथे पॅनल गळ्यात मारू नका.

एक गोष्ट कोटेशनवर ठळक लिहा : हे कव्हर म्हणजे सुरक्षेची जाळी नाही. त्यावर पाय दिला की माणूस खाली जातो आणि कव्हर वरून मिटतं. लहान मूल असेल तर जिवावर बेतेल. पोहायला उतरण्याआधी कव्हर पूर्ण काढायचं, अर्धवट गुंडाळून ठेवायचं नाही. हे मालकाला तोंडीही सांगा आणि बंगल्याच्या केअरटेकरला करून दाखवा.

पायरी ५ : बसवताना काय पाहायचं?

- जागा : पॅनलचं तोंड दक्षिणेला. फक्त हिवाळ्यासाठी असेल तर साधारण ३० अंशांचा उतार चांगला. सकाळी ९ ते दुपारी ४ सावली पडते का, ते स्वतः थांबून पाहा. झाड, पाण्याची टाकी, शेजारची भिंत, सगळं टिपून घ्या.
- वारा : पॅनल हलकं आहे, म्हणूनच घाटावर ते उडायची भीती. पट्टे आणि फ्रेम यांत काटकसर नको.
- पाण्याचा मार्ग : आधी पंप, मग फिल्टर, मग पॅनल, शेवटी पूल. क्लोरीनचा डोस पॅनलच्या पुढे सोडायचा, नाहीतर तीव्र क्लोरीन पॅनलमध्ये शिरतं.
- कंट्रोलर : एक सेन्सर पॅनलजवळ, एक पूलच्या पाण्यात. पॅनल जास्त गरम असेल तेव्हाच थ्री-वे व्हॉल्व्ह उघडायचा. नाहीतर ढगाळ दिवशी तेच पॅनल पाणी गार करत बसेल.
- नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह : रात्री पाणी उलटं फिरू नये म्हणून.
- हवेचा व्हॉल्व्ह : पंप थांबल्यावर वरचं पाणी खाली उतरतं. तेव्हा हवा आत यायला वाट नसेल तर पॅनल आवळलं जातं.

पंप सुरू झाल्यावर मालक हमखास एक गोष्ट करतो. पूलमध्ये पडणाऱ्या पाण्याखाली हात धरतो आणि म्हणतो, "हे तर गरम नाहीच!" बरोबर आहे, नसणारच. पाणी एका फेरीत साधारण दोनच अंशांनी वाढतं, कारण ते भरपूर आणि वेगाने फिरवायचं असतं. पाणी सावकाश सोडलं तर हाताला गरम लागेल, पण पॅनल तापून निम्मी उष्णता हवेत देईल. हे काम सुरू होण्याआधीच समजावून सांगा. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

पायरी ६ : बचतीचा आकडा खरा दाखवा

१२० युनिट रोज, वीजदर समजा १० रुपये, म्हणजे रोज १,२०० रुपये वाचले. बरेच विक्रेते हाच आकडा दाखवतात. पण तुलना कशाशी केली? साध्या हीटरच्या कॉइलशी! पूलसाठी मालक आज हीट पंपचा विचार करेल. चांगला हीट पंप आपल्या हवेत एका युनिट विजेत साधारण चार युनिट उष्णता देतो.

१२० ÷ ४ = ३० युनिट वीज, म्हणजे रोज ३०० रुपये.
पॅनलसाठी पाऊण किलोवॅटचा जादा पंप ६ तास चालला तर ४.५ युनिट, म्हणजे ४५ रुपये.
खरी बचत : रोज २५५ रुपये.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी, १२० दिवस : ३०,६०० रुपये.

पॅनलचं कोटेशन हीट पंपपेक्षा जितकं जास्त, त्या फरकाला ३०,६०० ने भागा. तेवढ्या हंगामांत फरक वसूल. हा आकडा १,२०० वाल्यापेक्षा लहान दिसतो, पण मालकाच्या सीएने तपासला तरी टिकतो. वीजदर मात्र ग्राहकाच्या बिलावरचाच घ्या.

आणि कधीकधी हीट पंपच बरोबर असतो. गच्ची लहान आहे, सावली आहे, किंवा जलतरणाच्या क्लासला रोज ठरलेलं तापमान हवंच आहे, तिथे तसं सरळ सांगा. हीट पंपच्या एखाद्या डीलरशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे ते कामही तुमच्या हातून जाईल.

"सबसिडी मिळते ना?"

हा प्रश्न येणारच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घराच्या छतावर वीज बनवणाऱ्या सोलरसाठी आहे. आपलं पॅनल वीज बनवत नाही, पाणी तापवतं. त्यामुळे त्या योजनेचं नाव घेऊन पूलचं पॅनल विकू नका. "सोलर" शब्द एक, यंत्रं दोन.

कोटेशनवर काय लिहायचं?

"२८ अंश हमखास" असं कधीही लिहू नका. ऊन तुमच्या हातात नाही आणि कव्हर टाकणारा केअरटेकरही तुमचा नाही. असं लिहा : "स्वच्छ उन्हाच्या दिवशी, रोज रात्री पूर्ण कव्हर टाकल्यास, या पॅनलमधून साधारण इतकी युनिट उष्णता मिळेल. सलग ढगाळ दिवसांत आणि पावसाळ्यात कमी मिळेल." त्याखाली मालकाची सही.

खर्चात पॅनल, पाइप, फ्रेम, कंट्रोलर आणि मजुरी तर येईलच. घाटावरची वाहतूक आणि काम संपल्यावरच्या दोन फेऱ्याही धरा. त्या फेऱ्या होणारच आहेत. मग फुकट कशाला?

गृहपाठ

या आठवड्यात ओळखीचा एक पूल शोधा. लांबी, रुंदी, सरासरी खोली मोजा. पायरीवर एक बादली ठेवा आणि बाहेरच्या पाण्याइतकंच पाणी आत भरा. दोन्ही पातळ्यांवर टेपने खूण करा. २४ तासांनी पाहा. दोन्ही सारख्या उतरल्या तर ती वाफ. पूलची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर पूल गळतोय, आणि गरम करण्याआधी ती गळती काढायचं काम तुम्हाला मिळालं!

मिलिमीटर मोजा, अंश काढा, मग मालकाशी बोला. बाकीचे विक्रेते ब्रोशर घेऊन जातील. तुम्ही त्याच्याच पूलचा आकडा घेऊन जा.