शिजल्या भाताचा हिशोब

प्रश्न : आमच्याकडे दोन्ही वेळा भातच असतो. पाच जणांचा स्वयंपाक मी एकाच गंजात करते. माझ्या ताटातल्या कॅलरी मोजू कशा?
– एक वाचक, सावली (जि. चंद्रपूर)

उत्तर : ताई, धानाच्या पट्ट्यात राहून भात सोडायची काहीच गरज नाही. हिशोब मात्र कच्च्या तांदळाचा धरा. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात. शिजल्यावर वजन अडीच-तीन पट होते ते पाण्यामुळे. मऊ भातात पाणी जास्त, मोकळ्यात कमी. म्हणून ‘एक वाटी भात’ हे माप फसवे.

रिकाम्या गंजाचे वजन एकदाच करून लिहून ठेवा. समजा, ४०० ग्रॅम तांदूळ शिजवलात, म्हणजे १४०० कॅलरी. भात झाल्यावर गंजासकट वजन करा आणि गंजाचे वजा करा. भात ११०० ग्रॅम भरला आणि तुम्ही २२० ग्रॅम वाढून घेतलात, तर तुमचा पाचवा हिस्सा, २८० कॅलरी. वरणाचेही असेच काढा.

खरी गफलत तेलात होते. चहाच्या एका चमच्यात जवळपास ४० कॅलरी असतात, आणि बाटलीतून थेट कढईत ओतलेले तेल कुणी मोजत नाही. फोडणीचे तेल चमच्यानेच घाला. पालेभाजी नाही मोजली तरी चालेल. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.