गिफ्ट कार्ड आणि खासगी खरेदी

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या रांगेत उभा असताना पाहिलेला प्रसंग अजून स्मरणात आहे. एका वृद्ध गृहस्थांनी सुनेचे पासबुक भरून घेतले आणि चष्मा घरी राहिल्यामुळे शेजारच्या तरुणास ते वाचावयास सांगितले. त्याने ते मोठ्याने वाचले. किराणा, वीज, शाळेची फी आणि मग एका समुपदेशन केंद्राचे नाव, ओळीने दोनदा. रांगेतील चार माणसांनी माना वळविल्या. त्या सुनेने काहीही गैर केलेले नव्हते. तिचे पैसे, तिचा निर्णय आणि तिचे मन यांपैकी कशाचाही त्या रांगेशी संबंध नव्हता.

रोख रकमेला नाव नसते. नोट एका हातातून दुसऱ्या हातात गेली की व्यवहार संपतो. मोबाईलवरून किंवा कार्डाने पैसे देताना मात्र दुकानदाराचे नाव, वेळ आणि रक्कम यांची नोंद राहते. ही नोंद हिशेबासाठी उपयुक्त असली तरी घरात एकच मोबाईल असतो तेथे ती सर्वांसमोर उघडी पडते. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला. परंतु घरातील मोबाईलवर उमटणाऱ्या संदेशास हे कायदे ठाऊक नसतात. अशा वेळी पुष्कळांना गिफ्ट कार्डाचा मार्ग सुचविला जातो. तो कोठवर उपयोगी पडतो, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

कार्डाचे दोन प्रकार

गिफ्ट कार्ड म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेले खरेदीचे साधन. पहिल्या प्रकारात एखादे दुकान केवळ आपल्याच मालासाठी कार्ड काढते. पूर्वी पुस्तकांच्या दुकानातून मिळणारे भेटीचे कूपन त्याच जातीचे. अशा कार्डास रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. दुसऱ्या प्रकारची कार्डे बँका किंवा रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या संस्था काढतात आणि ती अनेक दुकानांत चालतात. या दुसऱ्या प्रकाराचे नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ साली एकत्रित केले व ऑगस्ट २०२१ मध्ये सुधारून प्रसृत केले. त्यांनुसार एका गिफ्ट कार्डाची रक्कम १०,००० रुपयांपेक्षा अधिक असू शकत नाही, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख रक्कम काढता येत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट निराळीच आहे. कार्ड विकत घेणाऱ्याची ओळख, म्हणजे केवायसीचा तपशील, ते देणाऱ्या संस्थेने जतन करावयाचा असतो. बँक खात्यातून पैसे दिल्यास वेगळी केवायसी लागत नाही, कारण बँकेने ती आधीच केलेली असते. म्हणजे नाव सुटते असे नाही. ते दुसऱ्या दप्तरात असते, इतकेच.

माहितीची वाटणी

गिफ्ट कार्डामुळे माहिती नाहीशी होत नाही, तिची वाटणी होते. समजा, एका शिक्षिकेने अनेक दुकानांत चालणारे कार्ड आपल्या खात्यातून घेतले. तिच्या पासबुकात कार्ड देणाऱ्या संस्थेचे नाव येईल. पुढे तिने औषध घेतले की पुस्तक, हे पासबुकात दिसणार नाही. कार्ड देणाऱ्या संस्थेस कोणत्या दुकानात किती रुपये खर्च झाले हे कळेल. परंतु वस्तू कोणती, हे सामान्यतः कळणार नाही. दुकानदारास वस्तू कळेल. नाव त्याला कळेलच असे नाही. तीन ठिकाणी तीन तुकडे राहतात आणि घरातील व्यक्तीच्या हाती त्यांतील एकच पडतो. बहुतेक प्रामाणिक माणसांची गरज एवढ्याने भागते.

मात्र येथे पुष्कळ जण एक चूक करतात. औषधाच्या दुकानाने स्वतःच काढलेले कार्ड मोबाईलवरून पैसे देऊन घेतले, तर पासबुकात त्या दुकानाचेच नाव येते आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो. असे कार्ड रोखीने घेतले तरच काही अर्थ. (आणि रोख रक्कम हाती असताना त्या दुकानात कार्डाची गरज काय, हा प्रश्न रास्तच आहे! कार्डाचा खरा उपयोग घरबसल्या मागविण्याच्या खरेदीत, जेथे रोख चालत नाही तेथे.)

परंतु त्याच खरेदीत निनावीपणा सर्वांत आधी संपतो. कार्डाचा क्रमांक आपल्या खात्यात भरताच तो आपल्या नावाशी, मोबाईलशी आणि घरच्या पत्त्याशी जोडला जातो. पार्सल दारी येते, घेऊन येणारा फोन करतो. कार्ड देणाऱ्या संस्थेचा संदेशही नोंदविलेल्या मोबाईलवर येऊ शकतो. तेव्हा तो क्रमांक कोणाच्या हातातील आहे, हे प्रथम पाहावे. प्रत्यक्ष दुकानातही बिल करताना मोबाईल क्रमांक मागण्याची पद्धत पडली आहे. क्रमांक दिल्याविना विक्री न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना दिली. ग्राहकाने नम्रपणे नकार द्यावा. काही औषधांच्या विक्रीची नोंद मात्र रुग्णाच्या नावासह ठेवणे औषधविक्रेत्यास बंधनकारक आहे. पैसे कशाने दिले याने तेथे फरक पडत नाही.

यावरून खासगी आणि निनावी या दोन शब्दांतील भेद ध्यानी येईल. शेजाऱ्यास न कळणे हे खासगीपण. कोणासही, अगदी न्यायालयाच्या आदेशानेही न कळणे, हा निनावीपणा. आपल्याकडील कायदा पहिल्यास वाव देतो, दुसऱ्यास क्वचितच. बस, मेट्रो यांसारख्या प्रवासासाठीच्या कार्डांना फेब्रुवारी २०२४ मध्ये केवायसीविना परवानगी मिळाली, पण शिलकेची मर्यादा ३,००० रुपये आणि वापर केवळ प्रवास, पथकर व वाहनतळ यांपुरता.

ही सावधगिरी केवळ आपलीच नाही. नोव्हेंबर २०१५ मधील पॅरिसच्या हल्लेखोरांनी निवासाच्या व्यवस्थेसाठी प्रीपेड कार्डे वापरल्याचे उघड झाले. त्यानंतर युरोपीय संघाने २०१८ साली निनावी प्रीपेड कार्डाची मर्यादा २५० युरोंवरून १५० वर आणि दूरस्थ खरेदीसाठी ५० युरोंवर आणली.

कार्यालयांसाठी काही गोष्टी

ठकास गिफ्ट कार्ड आवडते, कारण क्रमांक आणि पिन ज्याच्या हाती पडले त्याचे पैसे झाले. कार्ड त्याच्याजवळ असावेच लागत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याचे छायाचित्र लावलेल्या अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो: मी बैठकीत आहे, बोलता येणार नाही, त्वरित अमुक इतकी कार्डे घेऊन क्रमांक पाठवा. ग्रामसेवक, मुख्याध्यापक, लिपिक अशी माणसे यास बळी पडतात, कारण वरिष्ठांना उलट फोन करण्याचा त्यांना संकोच वाटतो. हा संकोच दूर करणे वरिष्ठांच्याच हाती आहे. खातरजमेसाठी फोन केल्यास कोणी रागावणार नाही, असे प्रत्येक कार्यालयप्रमुखाने एकदा बैठकीत स्पष्ट सांगून टाकावे. शासकीय येणे, दंड किंवा वीजबिल गिफ्ट कार्डाने मागितले गेल्यास ती फसवणूकच समजावी.

खासगीपणाचा हक्क नागरिकाचा आहे, कार्यालयाच्या खर्चाचा नव्हे. ग्रामपंचायतीच्या निधीतून कार्डे घेऊन वाटल्यास कोणास, किती व कशासाठी ही नोंद ठेवलीच पाहिजे. माहितीच्या अधिकाराखाली ती मागितली जाऊ शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील भेटवस्तूंवरील निर्बंध पाकिटातील कार्डासही लागू समजावेत.

कार्ड कशासाठीही घेतलेले असो, पावती आणि क्रमांकाची नोंद वेगळ्या जागी ठेवावी. नाव जितके कमी नोंदविलेले, तितका हरवलेल्या कार्डावरील दावा दुबळा. मान्यताप्राप्त संस्थेच्या कार्डाची मुदत किमान एक वर्ष असते आणि संपलेल्या कार्डाची मुदत धारकाने मागणी केल्यास वाढवून मिळू शकते. क्रमांक ठकाच्या हाती गेल्याचे लक्षात येताच कार्ड देणाऱ्या संस्थेस कळवावे व १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कार्डातील रक्कम खर्च होण्यापूर्वीच ती अडविता येते, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.