घाटमाथ्यावर टू-स्ट्रोक इंजिनाचे कार्ब्युरेटर कसे जुळवावे?

महाबळेश्वर-पाचगणी भागातील स्ट्रॉबेरी बागायतदारांकडे पाठीवरचा पॉवर स्प्रेअर किंवा गवत कापणीचे यंत्र बहुधा असतेच. यांपैकी अनेक यंत्रांना टू-स्ट्रोक इंजिन असते. खाली मैदानात उत्तम चालणारे यंत्र वर आणले की धूर वाढतो, प्लग वारंवार ओला होतो आणि पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन गुदमरते. अशा वेळी ऑइल जास्त झाले असे समजून काही जण ऑइलचे प्रमाण कमी करतात. हा उपाय करू नये. दोष ऑइलचा नसून हवेचा असतो.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे; तेथे तो ८६० मिलिबारच्या आसपास येतो व हवा सुमारे १२ टक्के विरळ होते. इंजिन प्रत्येक फेऱ्यात हवेचे आकारमान तेवढेच ओढते, पण तिचे वजन कमी भरते. कार्ब्युरेटरला मात्र हे वजन कळत नाही. हवा विरळ झाली तर जेटमधून येणारे पेट्रोलही थोडे घटते, पण हवेइतके घटत नाही. हिशेब केल्यास मिश्रण सहा ते सात टक्के जाड होते. हवा कमी मिळाल्याने गेलेली ताकद कोणत्याही जुळणीने परत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. साधारणपणे दर १०० मीटरला एक टक्का शक्ती कमी होते. जुळणीने फक्त जाड मिश्रणामुळे होणारे जादा नुकसान टळते.

आता यंत्र कोठे जुळवले होते ते पाहावे. वाई सुमारे ७०० मीटरवर आहे. तेथे व्यवस्थित जुळवलेले यंत्र पसरणीचा घाट चढून वर आणल्यास फरक तीन टक्क्यांच्या आतबाहेर राहतो. एवढ्यासाठी जेट बदलण्याचे कारण नाही. यंत्र समुद्रसपाटीच्या हिशेबाने जुळवलेले असेल तरच मोठा बदल लागतो.

जुळणीपूर्वी एअर फिल्टर धुऊन वाळवावा. पावडर आणि धूळ बसलेला फिल्टर नेमकी हीच लक्षणे दाखवतो. सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला कार्बन काढावा. प्लग साफ करून त्यातील अंतर यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

फ्लोट असलेला कार्ब्युरेटर

अनेक पॉवर स्प्रेअरवर हा प्रकार असतो. पूर्ण थ्रॉटलला मुख्य जेट आणि मधल्या थ्रॉटलला सुई पेट्रोल ठरवते. सुईच्या डोक्याशी खाचा असून त्यात क्लिप बसवलेली असते. क्लिप एक खाच वर सरकवली की सुई खाली बसते व मिश्रण पातळ होते. वाईहून वर आणलेल्या यंत्राला बहुधा एवढे पुरते. पूर्ण थ्रॉटललाही इंजिन गुदमरत असेल तर मुख्य जेट एक नंबर लहान घ्यावा. सहा-सात टक्के पेट्रोल कमी करायचे म्हणजे भोकाचा व्यास तीन-साडेतीन टक्केच कमी लागतो. जेटवरील आकडा व्यासाचा असेल तर ८० च्या जागी ७७ किंवा ७८ येतो. मात्र काही कंपन्या आकडा प्रवाहाचा देतात, म्हणून एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीशी ताडून पाहू नये. जेटमध्ये तार घालून साफ करण्याची सवयही सोडावी. भोक किंचित जरी वाढले तरी सारा हिशेब बिघडतो.

डायफ्रॅम असलेला कार्ब्युरेटर

गवत कापणी यंत्रावर हा असतो. त्यावर एच व एल अशी अक्षरे असलेले दोन स्क्रू असतात. एच पूर्ण वेगासाठी, एल मंद वेगासाठी. दोन्ही आत फिरवले की मिश्रण पातळ, बाहेर फिरवले की जाड. सुरुवातीला स्क्रू किती फेरे उघडे आहेत ते मोजून वहीत लिहावे. इंजिन पाच मिनिटे तापवावे. पाते किंवा दोरी लावलेलीच ठेवावी, नाहीतर वेग धोक्याच्या पलीकडे जातो. माणसे व जनावरे दूर ठेवावीत. मग एच स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेराच आत घ्यावा. पूर्ण वेगात आवाज थोडा फुटका, खडबडीत यावा आणि गवतात पाते घातल्याबरोबर तो साफ व्हावा. येथेच थांबावे. आवाज रिकाम्यातही शिट्टीसारखा तीव्र व स्वच्छ झाला तर मिश्रण गरजेपेक्षा पातळ झाले. स्क्रू परत बाहेर घ्यावा. वेग मर्यादित करणारी कॉइल असलेल्या यंत्रात हा फुटका आवाज फसवा असतो. तेथे वेगमापक असलेल्या फिटरकडूनच काम करवून घ्यावे.

कान पटला नाही तर प्लगला विचारावे. पूर्ण भारावर अर्धा मिनिट चालवून इंजिन एकदम बंद करावे व थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. टोकाचा रंग विटकरी-तपकिरी असावा. काळा व ओला असेल तर मिश्रण जाड, पांढरट असेल तर पातळ.

ऑइलचे प्रमाण उंचीनुसार बदलत नाही. पुस्तिकेत एकास पन्नास दिले असेल तर लिटरला २० मिलि, एकास पंचवीस असेल तर ४० मिलि. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन व बेअरिंगला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. म्हणून मिश्रण पातळ करणे म्हणजे थोडे वंगणही कमी करणे होय. वरून ऑइलही घटवले तर पिस्टन घासणारच.

आणखी एक गोष्ट अलीकडची. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या इंजिनाचे मिश्रण आपोआप सुमारे सात टक्के पातळ होते. म्हणजे उंचीने जाड आणि इथेनॉलने पातळ, अशी जवळजवळ बरोबरी होते. अशा यंत्रात डोळे मिटून जेट लहान करू नये, आधी प्लग पाहावा. हे पेट्रोल पाणीही ओढून घेते. दमट हवेत महिनाभर पडलेले मिश्रण वापरू नये.

खरा धोका उतरताना आहे. पावसाळा संपल्यावर काही जण वरची यंत्रे घेऊन आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे, तेथून कोकणातील आंबा-काजूच्या बागांत गवत कापणीच्या कामाला जातात. वर पातळ केलेले मिश्रण खाली, ऑक्टोबरच्या उन्हात, फारच पातळ ठरते. यंत्र सुरुवातीला नेहमीपेक्षा जोरात चालते, म्हणून चालवणारा खूष असतो. थ्रॉटल सोडल्यावर वेग पटकन उतरत नाही, ही सूचना लक्षात येत नाही. मग भर कामात इंजिन जाम होते आणि पिस्टन, रिंगा, कधी सिलिंडरही बदलावा लागतो. ऐन हंगामातले दिवस जातात ते वेगळेच.

याकरिता लहान जेट बसवताना काढलेला मूळ जेट कागदात गुंडाळून पुस्तिकेबरोबर ठेवावा. स्क्रूचे मूळ फेरे यंत्राच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवावेत. घाट उतरल्यावर पहिली टाकी भरण्यापूर्वी जुळणी पूर्ववत करावी. फवारणी यंत्राची जुळणी बदलली असेल तर टाकीत साधे पाणी घालून एका मिनिटात किती लिटर पडते ते पुन्हा मोजावे व त्याप्रमाणे औषधाचे प्रमाण आणि चालण्याचा वेग नव्याने ठरवावा.