सिलिकॉनची चकती

वाळूंतून काढलेल्या सिलिकॉन नामक मूलद्रव्याच्या चकतीवर सूक्ष्म विद्युन्मंडलें उमटवून जी 'चिप' तयार करतात, तिच्यावांचून आज दूरध्वनि, मोटार किंवा रुग्णालयांतील यंत्रें चालत नाहींत. चिपा करणारे कारखाने जगांत पुष्कळ आहेत. परंतु अत्यंत सूक्ष्म चिपांच्या कामीं तैवान बेटांतील टीएसएमसी ही कंपनी सर्वांच्या पुढें आहे. तिचें बळ कशांत आहे, याचा येथें विचार करूं.

प्रथम यंत्रांचें नांव सुचेल. १३.५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींनीं रेषा उमटविणारें यंत्र हॉलंडमधील एएसएमएल ही एकच कंपनी करते. परंतु तें यंत्र अमेरिकेच्या इंटेलनें व कोरियाच्या सॅमसंगनेंहि घेतलें आहे. जी वस्तु प्रतिस्पर्ध्यासहि विकत मिळते, ती एकट्याचें बळ कशी ठरेल?

खरें बळ हातोटींत आहे. थोडें गणित करा. चिप पुरी होण्यास शेंकडों क्रिया लागतात. समजा, त्या ५०० आहेत व प्रत्येक क्रियेंत हजारांतून एकच चिप बिघडते. इतकी दक्षता बाळगूनहि शेवटीं शंभरांतून सुमारें ६० चिपाच निर्दोष उरतात! आतां एका चकतीवर ५०० चिपा मावतात व तिचा खर्च १०,००० रुपये होतो असें धरा. ४०० चांगल्या निघाल्यास एक चिप २५ रुपयांस पडते. २५० निघाल्यास ४० रुपयांस. चकती तीच, यंत्र तेंच. अंतर केवळ चुका हुडकण्याच्या चिकाटीचें. जो अधिक चकत्या करतो, त्यास चुकाहि अधिक दिसतात, म्हणून तो लवकर शिकतो.

पण इतकें काम त्याच्याकडे येतें कां? मॉरिस चँग यांनीं १९८७ सालीं ही कंपनी स्थापिली, तेव्हां ते पंचावन्न वर्षांचे होते; नोकरदार मनुष्य ज्या वयांत विश्रांतीचे दिवस मोजूं लागतो, तें हें वय. त्या काळीं बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या चिपा आपणच आंखीत व आपणच करीत. चँग यांनीं मात्र ठरविलें कीं, स्वतःच्या नांवाची एकहि चिप विकावयाची नाहीं. इतरांनीं आंखलेल्याच करून द्यावयाच्या. दागिन्याचा नवा नमुना सोनारास द्यावा आणि त्यानेंच तो आपला म्हणून बाजारांत मांडावा, तर त्याची पायरी पुन्हां कोण चढेल? ॲपल व एनव्हिडिया आपले गुप्त आराखडे तैवानांत धाडतात, तेव्हां त्यांस ही भीति नसते. विश्वासामुळें काम आलें, कामामुळें हातोटी आली, आणि हातोटीमुळें विश्वास वाढला.

आतां या कंपनीचे कारखाने जपानांत व अमेरिकेंतहि निघाले आहेत. इमारत पैशानें उभी राहते. हातोटी मात्र प्रत्येक ठिकाणीं नव्यानें कमवावी लागते. विश्वासाचें तर असें आहे कीं, तो मिळविण्यास वर्षें लागतात, आणि एकच नमुना चोरल्यानें तो जातो.